जागा शिल्लक नाही

२०१४ च्या सप्टेंबर महिन्यात नऊ दिवसांच्या आत तीन गोष्टी घडल्या. तिन्हींच्या बातम्या झाल्या, पण सुट्या सुट्या. त्या एकत्र ठेवून वाचाव्यात असं तेव्हा फारसं कुणाला वाटलं नसावं. आज, आपल्या खिशातल्या यंत्रांचा इतिहास लिहायला बसलं की मला वारंवार त्याच नऊ दिवसांपाशी यावं लागतं.

९ सप्टेंबरला क्युपर्टिनोत ॲपलनं आयफोन ६ दाखवला आणि त्याच कार्यक्रमात यू-टू या आयरिश बँडचा नवा कोरा अल्बम सुमारे ५० कोटी लोकांच्या आयट्यून्स खात्यांत परस्पर घालून टाकला. भेट म्हणून. ज्यांच्या फोनवर खरेदी आपोआप उतरवण्याची सोय चालू होती त्यांच्या फोनमध्ये ती अकरा गाणी न मागता येऊन बसली. १५ सप्टेंबरला ॲपलला ती गाणी काढून टाकण्यासाठी एक वेगळं पान उघडावं लागलं. त्याच १५ तारखेला दिल्लीत सुंदर पिचाई यांनी अँड्रॉइड वन ही योजना जाहीर केली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन कंपन्यांचे स्वस्त फोन, किंमत ६,३९९ रुपयांपासून, आत एकूण साठवण ४ जीबी. आणि १७ सप्टेंबरला ॲपलनं आयओएस ८ प्रसिद्ध केलं, जे वाय-फायवरून बसवायला फोनमध्ये सुमारे ५ जीबी मोकळी जागा लागत होती.

म्हणजे एका कंपनीचं नुसतं अद्ययावतीकरण उतरवून घ्यायला जेवढी रिकामी जागा लागत होती, तेवढी जागा दुसऱ्या कंपनीच्या अख्ख्या फोनमध्येही नव्हती.

हा लेख त्या जागेबद्दल आहे. फोन आपण विकत घेतो, पैसे पूर्ण मोजतो, पण आतली जागा कोणाची हा प्रश्न कधी नीट विचारला गेलाच नाही. तो दर काही महिन्यांनी एका चौकटीच्या रूपानं पडद्यावर उमटतो: अपडेटसाठी पुरेशी जागा शिल्लक नाही.

मागे जाऊन पाहिलं तर ही व्यवस्था अटळ नव्हती हे दिसतं. माझ्या पिढीनं वापरलेला पहिला फोन बहुधा नोकियाचा होता, आणि त्यातलं सॉफ्टवेअर खरेदीच्या दिवशी जसं होतं तसंच फोन मरेपर्यंत राहायचं. काही बिघडलं तर कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे जायचं. तो म्हणायचा, "सॉफ्टवेअर मारावं लागेल." या 'मारण्या'त एक वायर, एक धुळकट कॉम्प्युटर आणि शंभर-दोनशे रुपये एवढंच असे. भाषेच्या दृष्टीनं तो शब्दप्रयोग मला फार अचूक वाटतो. सॉफ्टवेअर बाहेरून मारलं जातं, ते कोण मारतं हे समोर दिसतं, आणि आपण हो म्हटल्याशिवाय ते मारलं जात नाही.

२००७ च्या जूनमध्ये पहिला आयफोन आला तो ४ आणि ८ जीबीच्या रूपात. त्याचंही अद्ययावतीकरण कॉम्प्युटरला वायर लावूनच व्हायचं. त्याच वर्षी सप्टेंबरात पहिली चुणूक दिसली. अमेरिकेत आयफोन एका विशिष्ट मोबाईल कंपनीच्या जाळ्यालाच बांधलेला होता. काही लोकांनी तो बंध तोडून घेतला होता. ॲपलनं आधी इशारा दिला की पुढच्या आवृत्तीनंतर असे फोन कायमचे निकामी होऊ शकतात, आणि १.१.१ ही आवृत्ती आल्यावर बऱ्याच फोनांचं तसंच झालं. विकलेल्या वस्तूत विक्रीनंतर हात घालता येतो, ही गोष्ट सर्वसामान्य गिऱ्हाइकाला तेव्हा बहुधा पहिल्यांदा कळली.

तरीही अपडेट ही त्या काळात नको असलेली वस्तू नव्हती. उलट ती विकत घ्यावी लागे! आयपॉड टच असलेल्यांना २००८ च्या जानेवारीत नव्या ॲप्ससाठी १९.९९ डॉलर आणि पुढच्या दोन मोठ्या आवृत्त्यांसाठी प्रत्येकी ९.९५ डॉलर मोजावे लागले. अमेरिकेतले हिशेबाचे नियम हे त्यामागचं कारण सांगितलं जाई. विकून झालेल्या वस्तूत फुकट भर घातली तर त्या विक्रीचं उत्पन्न कोणत्या वर्षात धरायचं, असा तो पेच होता. पुढे नियम सैल झाले आणि २०१० च्या आवृत्तीपासून ती फी गेली. विकत मिळणाऱ्या गोष्टीला नाही म्हणता येतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नाही म्हणायचं बटणच हळूहळू नाहीसं झालं, ते मात्र हिशेबनीसांमुळे नाही.

२०११ च्या ऑक्टोबरात आयओएस ५ बरोबर वायर सुटली. फोन स्वतःच हवेतून आपलं सॉफ्टवेअर ओढू लागला. सोय मोठी होती यात वाद नाही. घरात कॉम्प्युटर नसलेल्या माणसालाही फोन वापरता येऊ लागला. पण वायरबरोबर आणखी एक गोष्ट गेली जी तेव्हा लक्षात आली नाही. वायर असताना जुनं आणि नवं यांची सगळी उलथापालथ कॉम्प्युटरच्या भल्यामोठ्या डिस्कवर होत असे. आता ती फोनच्या आतच व्हायला लागली.

इथे थोडं थांबून यंत्रणा समजून घेऊ, कारण सगळं भांडण तिच्यात आहे. मुंबईतल्या जुन्या चाळीचा पुनर्विकास डोळ्यांपुढे आणा. लोकांना आधी संक्रमण शिबिरात हलवावं लागतं, मग इमारत पाडायची, नवी बांधायची, मग लोकांना परत आणायचं. संक्रमण शिबिराला जागा नसेल तर काम सुरूच होत नाही. फोनचंही तसंच. दाबून बांधलेली फाइल उतरवायला एक-सव्वा जीबी, ती सोडवायला त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि मध्येच वीज गेली किंवा काही फसलं तर फोन अगदीच मरू नये म्हणून जुनं सगळं शाबूत ठेवायचं. एक जीबीचं काम पाच जीबी मागतं ते यामुळे. तीच आवृत्ती कॉम्प्युटरला जोडून बसवली तर फोनमध्ये फार कमी जागा लागत होती, कारण संक्रमण शिबिर कॉम्प्युटरमध्ये होतं. फक्त २०१४ पर्यंत पुष्कळ लोकांचा कॉम्प्युटर हा फोनच झालेला होता.

आता १६ जीबीच्या आयफोनचा हिशेब. कंपन्या जीबी दशमान पद्धतीनं मोजतात, म्हणजे १६ जीबी म्हणजे १६ अब्ज बाइट. कॉम्प्युटरच्या जुन्या, द्विमान मोजणीत ते १४.९ भरतात. त्यातून कार्यप्रणाली आणि न काढता येणारी ॲप्स वजा. उरलेल्यात आपले फोटो, गाणी, निरोप. त्यात ५ जीबी मोकळे ठेवा म्हणणं म्हणजे एक खोली कायम रिकामी ठेवा म्हणण्यासारखं होतं. ॲपलच्याच आकड्यांनुसार २१ सप्टेंबरला ४६ टक्के उपकरणांवर आयओएस ८ होतं, आणि दोन आठवड्यांनी, ५ ऑक्टोबरला, ४७ टक्के. पूर आला आणि पायरीवरच थांबला. याला आणखीही एक कारण होतं: २४ सप्टेंबरला काढलेली ८.०.१ ही दुरुस्ती नव्या फोनांचं नेटवर्कच बंद पाडू लागली, आणि तासाभरात मागे घ्यावी लागली. धास्ती आणि जागा, दोन्हींनी मिळून लोकांना थोपवलं.

त्याच वर्षाच्या शेवटी, ३० डिसेंबरला, फ्लोरिडातल्या दोघांनी कॅलिफोर्नियाच्या संघराज्य न्यायालयात ॲपलविरुद्ध दावा लावला. म्हणणं असं की १६ जीबी म्हणून विकलेल्या उपकरणात जाहीर केलेल्या जागेपैकी २३.१ टक्क्यांपर्यंत जागा गिऱ्हाइकाला वापरताच येत नाही, आणि ज्यांनी जुन्या आवृत्तीवरून नवीवर उडी मारली त्यांची जागा तर खरेदीनंतर कमी झाली. त्याच्या वर्षभर आधी कॅलिफोर्नियातल्याच एका गृहस्थानं छोट्या दाव्यांच्या न्यायालयात थेट टिम कुक यांच्यावर खटला भरला होता. त्याला आयओएस ७ नको होतं, पण ते त्याच्या उपकरणात परस्पर उतरलं होतं आणि काढता येत नव्हतं. या माणसाला वर्तमानपत्रांनी थोडं विनोदी पात्र केलं. मला तो विनोदी वाटत नाही. त्याची मागणी साधी होती: माझ्या वस्तूतून तुमची वस्तू काढा.

परतीची वाट बंद असते ही गोष्ट इथे महत्त्वाची. प्रत्येक आवृत्ती बसवताना फोन ॲपलच्या सर्व्हरकडून सही घेतो, आणि नवी आवृत्ती आल्यावर काही दिवसांत जुनीवर सही करणं थांबवलं जातं. मग जुनी फाइल तुमच्याकडे जपून ठेवलेली असली तरी निरुपयोगी.

ॲपलवर एवढं लिहिलं म्हणून अँड्रॉइडवाल्यांनी सुखावून जाऊ नये. तिथली गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि आपल्या मंडळींना जास्त लागू आहे, कारण आपल्या बहुतेकांच्या घरी, म्हणजे तिकडच्या घरी, अँड्रॉइडच आहे.

पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी-वन, २००८ मध्ये आला तेव्हा त्यात २५६ एमबी अंतर्गत साठवण होती. एमबी, जीबी नव्हे. ॲप्सना त्यातली जेमतेम पाऊण शंभर एमबी मिळायची, आणि ॲप्स मेमरी कार्डावर टाकायची सोय २०१० पर्यंत नव्हतीच. मेमरी कार्ड ही भारतातली केवढी मोठी संस्था होती! वीस-पंचवीस रुपयांत कार्ड भरून देणारी दुकानं गावोगाव होती. लता-रफी, भीमसेन, लावण्या, कीर्तनं, सिनेमे, जे हवं ते. ती जागा पूर्णपणे गिऱ्हाइकाची होती. कार्ड काढून खिशात ठेवता येई. पण कार्यप्रणाली आणि तिची अपडेट्स कार्डावर जात नसत, त्यांना अंतर्गत साठवणच लागे. त्यामुळे ३२ जीबीचं कार्ड अर्धं रिकामं आणि फोन म्हणतोय 'जागा नाही', हा प्रकार कितीतरी घरांत झाला. आमच्याही.

अँड्रॉइड वनच्या ४ जीबीपैकी गिऱ्हाइकाच्या वाट्याला निम्म्याच्या आसपास येत असे. या योजनेचं वचन मात्र नेमकं अपडेटचंच होतं: स्वस्त फोनालाही नव्या आवृत्त्या थेट गूगलकडून वेळेवर मिळतील. एअरटेलचं सिम असेल तर पहिले सहा महिने अपडेटसाठीचा डेटा फुकट, हेही जाहीर झालं होतं. हे वाचताना लक्षात ठेवा की जिओ यायला अजून दोन वर्षं होती. डेटा महाग होता आणि तो फुकट मिळणं ही खरी सवलत होती. कुणीतरी अडचणीचा विचार केला होता. फक्त डेटाच्या अडचणीचा, जागेच्या नाही.

आणि जागा कशी जात होती? याचं उत्तर मला फार पुढे, तांत्रिक कागदपत्रं वाचताना मिळालं. अँड्रॉइडमध्ये फोनबरोबर आलेली ॲप्स एका बंद विभागात असतात, ज्यात गिऱ्हाइकाला लिहिता-खोडता येत नाही. त्या ॲपचं अपडेट आलं की नवी प्रत त्या विभागात जात नाही. ती गिऱ्हाइकाच्या विभागात येऊन बसते, आणि जुनी प्रत आपल्या जागी तशीच राहते. म्हणजे नकाशे, व्हिडिओ, मेल, ब्राउझर ही तुम्ही न मागितलेली ॲप्स दर अपडेटला तुमच्या निम्म्या उरलेल्या जागेत शिरतात. त्यांच्याखाली गूगल प्ले सर्व्हिसेस नावाचं एक ॲप २०१२ पासून आहे, जे मुकाट्यानं स्वतःला अपडेट करतं आणि त्याला थांबवायची सोय साध्या माणसाच्या हाती नसते. भर म्हणून २०१४ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ५ नं ॲप्स आधीच भाषांतरित करून साठवायला सुरुवात केली, म्हणजे ती वेगानं उघडावीत. त्यामुळे प्रत्येक ॲप आणखी फुगलं. फोन विकत घेऊन कपाटात ठेवला, नुसता वाय-फायवर, तरी तो काही महिन्यांत भरला असता.

ही यंत्रणा माहीत असली की २०१८ च्या जानेवारीतली एक बातमी वेगळ्या नजरेनं वाचता येते. वॉल स्ट्रीट जर्नलनं छापलं होतं की भारतातले फोन भरून जातात याचं एक मोठं कारण सकाळचे शुभेच्छा संदेश. गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, गणपती, आणि वर 'शुभ सकाळ'. गूगलच्या संशोधकांना हे आढळलं होतं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या त्यांच्या फाइल्स गो या ॲपमध्ये अशा चित्रांना हुडकून काढायची सोय केली होती. भारतात तीनपैकी एका माणसाच्या फोनची जागा रोज संपते, असा एका डिस्क बनवणाऱ्या कंपनीचा आकडाही त्यात होता. परदेशातल्या आपल्या व्हॉट्सॲप गटांवर ही बातमी काय फिरली! आपण सगळे हसलो, आणि थोडं खजीलही झालो, जसं परदेशात गावाकडच्या काकांनी मोठ्यानं शिंकल्यावर होतो.

पण हिशेब करू या. व्हॉट्सॲपवरून येणारं फुलाचं चित्र दाबून आलेलं असतं, साधारण १०० केबी धरा. एका जीबीत अशी दहा हजार चित्रं मावतात. रोज दहा आली तर एक जीबी भरायला हजार दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षं. कार्यप्रणालीची एक मोठी आवृत्ती तेवढी जागा एका रात्रीत घेते. मी शुभ सकाळवाल्यांची वकील नाही (व्हिडिओही येतात, आणि ते दहापट जड असतात), तरी दोष कुणाकडे गेला ते पाहण्यासारखं आहे. चौथ्या मजल्यावरची म्हातारी कुंड्या ठेवते म्हणून जिना अडला, असं म्हणायचं, आणि बिल्डरनं जिन्याखालची जागा बळकावली त्याबद्दल बोलायचं नाही.

माझी आई कराडला असते. तिचा फोन १६ जीबीचा होता, माझ्या भावानं वापरून झालेला. आपल्या घरांत फोन वरून खाली न जाता खालून वर जातात, मुलांकडून आईवडिलांकडे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी बोलताना ती सहज म्हणाली, "अगं, बँकेचं ॲप उघडतच नव्हतं. आधी अपडेट करा म्हणे. अपडेट करायला गेले तर जागा नाही. मग काय, जुनं जुनं होतं ते काढलं." जुनं म्हणजे काय ते तिनं तेव्हा सांगितलं नाही आणि तिला ते सांगण्यासारखं वाटलंही नसेल. पुढे काही महिन्यांनी माझ्या मावसबहिणीनं विचारलं तेव्हा कळलं. माझी मावशी २०१९ मध्ये गेली. शेवटच्या वर्षी तिचे डोळे अधू झाल्यामुळे ती लिहीत नसे, आवाज रेकॉर्ड करून पाठवी: पंढरपूरला कोण भेटलं, कैरीच्या लोणच्यात मेथी कधी घालायची, जावयाबद्दलच्या तक्रारी. ते सगळे आवाज आईच्या फोनमध्ये होते आणि त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी गेले. बँकेचं ॲप अपडेट झालं. पेन्शन जमा झाल्याचं तिला दिसलं. आईनं केलं ते बरोबरच होतं. पेन्शन दिसणं जरुरीचं होतं.

त्या बँकेचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण कोणत्याही बँकेनं हेच केलं असतं. मला त्रास होतो तो इतिहासाची अभ्यासक म्हणून. आम्ही लोक कागदांवर जगतो. वि. का. राजवाडे गावोगावचे वाडे धुंडाळत फिरले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढत राहिले, गो. स. सरदेसाई यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातून निवडून ४५ खंड छापले. त्या कागदांत राजकारण आहे तसंच घरगुतीही पुष्कळ आहे: आजारपण, लग्नाचे खर्च, कुणाला काय पाठवलं, कुणाचं काय राहिलं. ते टिकलं, कारण माळ्यावर जागा होती आणि कुणी वर येऊन 'आज पाच रुमाल रिकामे करा नाहीतर दाराला कुलूप' असं म्हणत नव्हतं. उंदीर होते, वाळवी होती, रद्दीवाला होता. पण निवड करण्याची घाई नव्हती. एकविसाव्या शतकातल्या मराठी बायकांच्या बोलण्याचा सर्वांत मोठा संग्रह, मला खात्रीनं वाटतं, व्हॉट्सॲपवरच्या आवाजांत आहे, आणि त्याची छाटणी दर अपडेटला, दोन मिनिटांत, चष्मा शोधता शोधता होते.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे आणि तिच्याशिवाय ही गोष्ट अन्यायाची होईल. २०१५ च्या जुलैमध्ये स्टेजफ्राइट नावाची त्रुटी जाहीर झाली. जोशुआ ड्रेक या संशोधकानं दाखवलं की अँड्रॉइडच्या व्हिडिओ वाचणाऱ्या भागात अशा चुका आहेत की नुसता एक मल्टिमीडिया संदेश पाठवून फोनचा ताबा घेता येईल, मालकानं काही उघडायचीही गरज नाही. तेव्हाच्या अँड्रॉइड फोनांपैकी ९५ टक्के, म्हणजे सुमारे ९५ कोटी, या टप्प्यात होते. दुरुस्ती तयार होती, पण ती फोनांपर्यंत पोचायला वाटच नव्हती. गूगल, फोन बनवणारा, मोबाईल कंपनी अशी साखळी मध्ये. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलनं दर महिन्याला सुरक्षा-दुरुस्ती द्यायला सुरुवात केली. ज्या फोनमध्ये पेन्शन, आधार आणि ओटीपी आहे तो फोन उघडा ठेवा असं मी कुणालाही सांगणार नाही. सक्तीची खरी गरज असते हेही दिसलेलं आहे: २०१६ च्या शेवटी सॅमसंगनं पेट घेणाऱ्या गॅलेक्सी नोट ७ चं चार्जिंगच बंद करणारं अपडेट अमेरिकेत पाठवलं, आणि आधी व्हेरायझननं ते पाठवायला नकार दिला, कारण सणाच्या दिवसांत कुणाच्या हातातला एकमेव फोन बंद पाडायचा नव्हता. दोघांकडेही पटण्याजोगं कारण होतं.

माझा आक्षेप गाठोड्याला आहे. कुलूप दुरुस्त करायला आलेला माणूस सोबत सोफासेटही घेऊन येतो आणि म्हणतो, सोफा ठेवून घेतलात तरच कुलूप बदलीन. सुरक्षेची दुरुस्ती काही एमबींची असते. नवे इमोजी, नवे सहायक, नवा रंगढंग यांना जीबी लागतात. दोन्ही वेगळं पाठवता येतं हे पुढे कंपन्यांनीच दाखवून दिलं. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, कार्यप्रणालीचे काही तुकडे सुटे अपडेट होऊ लागले. ॲपलनं तर २०२३ च्या मे महिन्यात पहिल्यांदा फक्त सुरक्षेची छोटी दुरुस्ती वेगळी पाठवली. पहिल्या आयफोननंतर सोळा वर्षांनी.

जागेच्या बाबतीतही दावे आणि थट्टा यांचा परिणाम झाला. २०१५ च्या जूनमध्ये ॲपलनं सांगितलं की आयओएस ९ ला ४.६ ऐवजी १.३ जीबी मोकळी जागा पुरेल. तरी कमी पडली तर फोन स्वतःच काही ॲप्स तात्पुरती काढून, अपडेट झाल्यावर परत बसवेल. हे खरोखर चांगलं काम होतं, आणि ते आधीही करता आलं असतं. २०१६ च्या आयफोन ७ पासून १६ जीबीचा प्रकार बंद झाला. गूगलनं २०१६ मध्ये कार्यप्रणालीच्या दोन प्रती ठेवायची पद्धत आणली: एकीत राहायचं, दुसरीची दुरुस्ती चालू. वापरणाऱ्याला थांबावं लागत नाही, पण दोन घरांची जागा लागते. २०२० मध्ये ती आटोपशीर करण्यात आली. २०१७ च्या डिसेंबरात अगदी लहान फोनांसाठी अँड्रॉइड गो आलं, तेही दिल्लीतच जाहीर झालं. कॉम्प्युटरच्या जगात मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये विंडोज १० च्या नव्या यंत्रांवर सुमारे ७ जीबी अपडेटसाठी कायमचे राखून ठेवायला सुरुवात केली. यात निदान प्रामाणिकपणा आहे. एवढी खोली आमची, असं दारावर लिहिलं.

कायदा मात्र वेगळ्या दिशेनं चालत राहिला. २०१८ च्या ऑक्टोबरात इटलीच्या स्पर्धा-प्राधिकरणानं ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला, कारण अपडेट्समुळे जुने फोन मंदावले होते आणि लोकांना परत फिरता येत नव्हतं. फ्रान्सनं २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरो दंड लावला. मी राहते त्या ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून फोन विकणाऱ्याला सुरक्षा-अपडेट्स किमान किती काळ मिळतील ते सांगावं लागतं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं कार्यप्रणालीची अपडेट्स उपलब्ध ठेवावी लागतात. या सगळ्या नियमांचा भर वर्षांवर आहे. ही वर्षं कुणाच्या जागेत काढायची, हा त्यांचा विषय नाही. आणि आपल्यापैकी कितीजण या नियमांखाली विकला गेलेला फोन चार वर्षं वापरून, पुसून, पार्सलात गुंडाळून किंवा कुणा ओळखीच्यांच्या बॅगेत घालून नाशिकला, सांगलीला पाठवतात! तो फोन तिकडे आणखी चार वर्षं चालतो, आणि त्याच्या उतारवयातली सगळी अपडेट्स आईवडील झेलतात.

२०२५ च्या जानेवारीत गूगलनं पिक्सेल ४ए या फोनच्या मालकांना एक अपडेट पाठवलं जे आपोआप बसणार होतं आणि ज्यामुळे काही फोनांची बॅटरी आधीपेक्षा खूपच कमी टिकू लागली; बदल्यात बॅटरी बदलून किंवा थोडे पैसे मिळत होते. त्याच महिन्यात ॲपलनं आपली कृत्रिम बुद्धिमत्तेची सोय, ॲपल इंटेलिजन्स, नव्या फोनांवर आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती आली तेव्हा तिच्यासाठी ४ जीबी मोकळी जागा लागेल असं सांगितलं होतं. दिल्लीत ६,३९९ रुपयांना विकलेल्या त्या अख्ख्या फोनाएवढी. काही आठवड्यांत ती गरज ७ जीबी झाली.